उष्टी हळद आणि अडकलेला दांडा

डांबरी रस्त्यावर जुनी जीप फोर-व्हीलमध्ये चालवायची नसते. मी चालवली. तीही ताईच्या हळदीच्या दिवशी, नवरदेवाची उष्टी हळद गाडीत असताना, गिरणाऱ्यापासून निघून नाशिकची जवळजवळ अर्धी वाट. गाडी कुंथायला लागली, वळणावर टायर रडायला लागले, स्टिअरिंग जात्याच्या खुंट्यासारखं जड झालं, तेव्हा आमच्या अकलेच्या कांद्याला वाटलं काय, तर ऊन फार आहे म्हणून गाडी दमली असेल. मी उतरले आणि तिला पाणी पाजलं. रेडिएटरमध्ये नव्हे, खाली वाकून त्या गरम लोखंडी पेटीवर माठातलं पाणी ओतलं, वर हात फिरवून "थांब हं, झालंच" असंही म्हटलं. एकोणीस वर्षांची घोडी होते मी. गाडी चालवते म्हणून गल्लीत नाक वर करून चालायचे, आणि अक्कल ही अशी.

आता त्या पेटीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिला ट्रान्सफर म्हणतात. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेली असते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून तिच्यात येते आणि ती नुसती मागच्या चाकांना द्यायची की पुढच्या-मागच्या दोघांना वाटून द्यायची, हे तिथे ठरतं. ठरवायचं अर्थातच चालवणाऱ्याने. त्यासाठी मोठ्या गिअरच्या शेजारी दोन आखूड दांडे असायचे. एक पुढच्या चाकांचा, म्हणजे ती जोडायची किंवा सोडायची. दुसरा ताकदीचा. तो 'हाय'मध्ये असला की गाडी नेहमीसारखी पळणार, 'लो'मध्ये टाकला की मुंगीच्या चालीने पण हत्तीच्या जोराने जाणार. आणि मधोमध राहिला तर इंजिन नुसतं बोंबलणार, गाडी जागची हलणार नाही. एकदा त्र्यंबकला जाताना आईचा पाय लागून तो दांडा असाच मध्ये आला. अण्णा खाली उतरून तासभर गाडीच्या पोटात शिरले होते. शेवटी आईच म्हणाली, "हे बोंडुक माझ्या गुडघ्याला सारखं लागतंय, जरा पुढे ढकलू का?" ढकललं आणि गाडी निघाली. तेव्हापासून गाडी बंद पडली की आई आधी गुडघ्याकडे बघायची.

अण्णा, म्हणजे माझे वडील, विहिरींवर पंप बसवायचे. गिरणारे, हरसूल, पेठ, जिथे एसटी माणसाला सोडून देते आणि पुढे पायवाट सुरू होते, तिथे त्यांचं गिऱ्हाईक. म्हणून ही लिलावात घेतलेली फौजी जीप. मखमलाबाद नाक्याजवळच्या आमच्या घराच्या अंगणात ती उभी असे आणि तिच्याखाली कायम तुपाचा एक रिकामा डबा कापून ठेवलेला असे, कारण ट्रान्सफर गळायचा. आई सकाळी सडा घालून रांगोळी काढायची आणि संध्याकाळपर्यंत रांगोळीच्या कमळात काळा थेंब बसलेला असायचा. अण्णा रोज डब्यातलं ऑईल बोटावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे, वास घ्यायचे. चकाकी दिसली तर आतले दाते झिजताहेत, जळका वास आला तर ऑईल कमी पडलंय. आई आमटीची चव घ्यायची तेव्हा तिचा चेहरा अगदी तस्साच असायचा, हे मी एकदा बोलून दाखवलं आणि दोघांचाही मार खाल्ला.

त्या ट्रान्सफरच्या खोडी आम्हां सगळ्यांना तोंडपाठ होत्या. उतारावर ताकदीचा दांडा 'लो'मधून आपोआप उडायचा, कारण आतली खाच झिजलेली. त्यावर अण्णांचा इलाज म्हणजे सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा. दांड्याला गुंडाळून सीटच्या पायाला अडकवायचा. ट्यूब नसेल तर शेजारी बसणाऱ्याने पायाने दाबून धरायचं. आमच्याकडे पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला हे शिकवलं जाई. ताईला यातलं काहीही आवडत नसे. ती खिडकीत बसून शिवायची, आणि मी डब्याशेजारी उकिडवी बसून अण्णांना पाने-पक्कड द्यायचे. मला गाडी शिकवली अण्णांनीच, मखमलाबादच्या बाजूच्या बांधांवर. आईने तेव्हापासून त्यांच्याशी एका विषयावर बोलणं सोडलं होतं. "जीप हाकणाऱ्या पोरीला स्थळ कोण आणणार?" हे ती त्यांना न सांगता भिंतीला सांगायची.

अण्णांचे नियम तीनच. वाळू-चिखल लागला की पुढची चाकं जोड. लो टाकायचा तर त्याआधी पुढची चाकं जोडलेलीच पाहिजेत, आणि गाडी जवळजवळ उभी असताना. डांबर लागायच्या आत आधी लो काढ, मग पुढची चाकं सोड. त्यापुढे ते काहीतरी म्हणाले होते. "मंदे, आणि पुढचा दांडा अडकलाच, तर जोर लावायचा नाही. तर..." नेमकं तेव्हा आईने सांजोऱ्या तळायला घेतल्या. तुपात पहिली सांजोरी पडल्याचा आवाज मला आजही येतो. 'तर'च्या पुढचं वाक्य मात्र मी ऐकलं नाही. मान डोलावली. मान डोलावण्यात मी लहानपणापासून हुशार.

ताईचं लग्न ठरलं गिरणाऱ्याच्या पुढच्या एका खेड्यात, नदीपलीकडच्या घरात. माणसं चांगली, टोमॅटो-द्राक्षाची शेती, पण दारापर्यंत रस्ता नाही. हळद आधी नवरदेवाला लागते आणि त्यातली उरलेली, तीच उष्टी हळद, नवरीकडे येते. ती आल्याशिवाय नवरीला बोट लावायचं नाही. ती आणायची नवरदेवाकडच्या बायकांनी. पण त्यांच्याकडे गाडी नव्हती, आणि बैलगाडीने यायचं तर सांज उलटून गेली असती. तेव्हा आमची जीप पाठवायचं ठरलं. अण्णांचं मनगट त्याच आठवड्यात पंप उतरवताना मुरगळलेलं. घरात दुसरं कुणी चालवणारं नाही. अण्णांनी मांडवात, सगळ्यांसमोर, किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ही खेप नीट झाली तर पुढल्या सोमवारपासून पंपाच्या खेपा तुझ्या," ते म्हणाले. "नाही झाली तर किल्ली आईच्या ताब्यात. मग मीही मागणार नाही."

आईने लगेच पदराची गाठ सोडून ठेवली, किल्ली बांधायला.

जाताना मी सगळं अगदी नियमाने केलं. कारण बघायला कुणी नव्हतं. नदी कोरडी, पात्रात टाचभर रुतणारी वाळू आणि पलीकडे बैलांनाही फेस आणणारी चढण. अलीकडे थांबून पुढची चाकं जोडली, मग लो टाकला, ट्यूब अडकवली आणि गाडी घोरपडीसारखी वर चढली. त्या घरी मला नागलीची भाकरी, उडदाचं घुटं आणि वर लोण्याचा गोळा वाढला. अंगणात नवरदेव पिवळा होऊन बसला होता आणि चारी बाजूंनी त्याच्या वहिन्या त्याला छळत होत्या. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी अर्धी ठेवली, लाज म्हणून.

हळद घेऊन माझ्याबरोबर निघाल्या नवरदेवाच्या काकी. सगळे त्यांना सोनकाकी म्हणत. अंगाने हडकुळ्या, आवाज मात्र शेताच्या या टोकापासून त्या टोकाला पोचणारा. मांडीवर पितळी वाटी, तिच्यावर पळसाचं पान, पानावर लाल फडकं. बाकीच्या बायका दुसऱ्या दिवशी वऱ्हाडाबरोबर येणार होत्या. काकींनी बसता बसता मला बजावलं, "आमच्यातली रीत हाय, पोरी. नवरीच्या अंगाला लागोस्तोवर ही वाटी भुईला टेकवायची नाय. आन् गाडीत ठिवायची बी नाय. हातातच पायजे."

"हातातच ठेवा की. मी काय मागतेय का?" मी म्हटलं. बोलायला कुठे कमी होते मी!

आणि आता खरी चूक. परत येताना सगळं गाव नदीवर आलं होतं, मुलगी जीप चालवते ते बघायला. पोरं झाडावर, म्हातारे धोतर सावरत काठावर. मी चढणीवरून उतरले, वाळू तुडवली, अलीकडच्या काठावर गाडी थांबवली, ताकदीचा दांडा ऐटीत ओढून हायमध्ये घेतला. मग पुढच्या चाकांचा दांडा सोडायचा. पण मागून कुणीतरी शिट्टी मारली. मी वळले, हात हलवला. पुन्हा हलवला. मग निघालेच. कशी निघाले म्हणता, एखादी पुढारीण सभा जिंकून निघते तशी.

माझ्या नातीने परवा नवी गाडी घेतली. तिच्यात दांडाबिंडा काही नाही, एक गोल बटण आहे, मिसळणाचा डबा फिरवावा तसं फिरवायचं. चूक केली तर गाडीच टुंगटुंग करून सांगते. मी म्हटलं, आमची गाडीही सांगायची गं, पण ऐकणारी मी होते.

सांगत होती ती खरोखर. कच्ची वाट संपून डांबर लागलं आणि पहिल्या वळणाला गाडी अडखळली. वळताना पुढच्या चाकांना मागच्यापेक्षा जास्त अंतर चालावं लागतं. वाळूत चाक जरासं घसरतं आणि हिशेब सुटतो. डांबर घसरू देत नाही. मग तो पीळ आत ट्रान्सफरमध्ये साठत जातो. दोघी बायका ओली गोधडी पिळायला घेतात ना, एक इकडे पिळते, दुसरी तिकडे, आणि कुणीच सोडत नाही, तसं. हे मला आज कळतं. तेव्हा एवढंच दिसत होतं की गाडी वळायला नाही म्हणते आणि रबराचा जळका वास येतो.

"काय जळतंय गं?" सोनकाकी.

"शेतात पाचट पेटवलं असेल," मी.

"वैशाखात? टमाट्याच्या रानात?"

माझं दांड्याकडे लक्ष गेलं. पुढची चाकं जोडलेलीच होती. गाडी थांबवली, क्लच दाबला, दांडा ओढला. हलेना. दोन्ही हातांनी ओढला. हलेना. पाय डॅशबोर्डला लावून ओढला. मग वाटलं, उन्हाने दमून गाडीनेच दांडा धरून ठेवला असेल, आणि ती पाणी पाजण्याची अक्कल. 'अडकलाच तर जोर लावायचा नाही, तर...' तर काय? तर काय, मंदाकिनी? मला फक्त सांजोरी आठवत होती. ऊन कलायला लागलं होतं. घरी ताई पाटावर बसलेली असणार, आत्याबाई दारातून आत-बाहेर करत असणार, आणि आईच्या पदराची ती सोडलेली गाठ. खरं सांगते, ताईच्या हळदीची काळजी मला कमीच होती. डोळ्यांसमोर किल्ली होती.

"सर बाजूला, मी वढते," सोनकाकी म्हणाल्या. डाव्या हातात वाटी धरून उजव्या हाताने त्यांनी दांडा पकडला, मी खालून धरला. "एक, दोन..." तीन म्हणायच्या आधीच दोघींनी हिसका दिला. दांडा जागचा हलला नाही. हलली ती वाटी. फडक्यासकट पळसाचं पान उडालं आणि नवरदेवाची उष्टी हळद माझ्या दोन्ही मनगटांवर, दांड्याच्या गोळ्यावर आणि थोडी माझ्या गालावर.

ही हळद नवरीच्या आधी दुसऱ्या कुणाला लागणं म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. तेही बिनलग्नाच्या धाकट्या बहिणीला! सोनकाकींनी वाटीत डोकावून पाहिलं, तळाशी बरीच शिल्लक होती. मग माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना.

"अगं बया! आमच्या पोराला एकीचा खर्च झेपंना, आन् तू दुसरी होऊन बसली व्हय!"

"काकी, हसू नका हो. घरी कळलं तर मला जिवंत सोडणार नाहीत."

"कोन सांगतंय? म्या न्हाय. तू तोंड धू आदी." आणि माझ्या तोंडावर उरलेलं पाणी त्यांनीच मारलं. गालावरची गेली. हातांवरची जाईना. हळद ती, तिला काय माझी दया येणार?

इतक्यात समोरून एसटी आली. आम्ही नेमक्या ओढ्यावरच्या अरुंद मोरीच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, तोंडावर उभ्या. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. कंडक्टर दारातून लोंबकळत ओरडला, "ओ ताई, गाडी मागं घ्या! मोरीवर दोन मावत नाय!"

"गाडी बिघडलीय!"

"मागं जाती का नाय?"

"मागे... जाईल बहुतेक."

"मंग घ्या की मागं! बिघाड तिकडं करा!"

एसटीतली माणसं हसली. मी रागाने रिव्हर्स टाकला आणि गाडी सरळ मागे घेतली, चांगली पार मागच्या एका चिंचेच्या झाडापर्यंत, स्टिअरिंग न वळवता. मध्येच खालून 'टण्ण' असा आवाज झाला. हंड्यावर पळी पडावी तसा. मला वाटलं, झालं, तुटला ट्रान्सफर. भीत भीत दांड्याला हात लावला, तर तो लोण्यातून सुरी निघावी तसा सुटून आला. ज्या पिळाने तो धरून ठेवला होता, तो मागे जाताना उलगडला होता. एसटी निघून गेली. जाताना त्या कंडक्टरने नमस्कार केला, तो थट्टेचा होता की शहाणपणाचा, देव जाणे.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. हळद वेळेत आली. वाटी भुईला टेकली नाही. सोनकाकी शब्दाला जागल्या. ताईच्या गालाला हळद लावताना त्यांनी माझ्याकडे पाहून एक डोळा मिचकावला, बस. मी हात पदराखाली घेऊन उभी होते, पण मग सगळ्यांचीच बोटं पिवळी झाली आणि माझी त्यात मिसळून गेली. इथे मी थांबायला हवं होतं. पण थांबेन ती मी कसली! आत्याबाईंनी विचारलं, "वाटेत काही त्रास?" आणि माझी जीभ सुटली. ट्रान्सफर अडकला होता, म्हटलं. भर रस्त्यात. बिघडलाच होता म्हणा ना. मग मीच दुरुस्त केला. कसा? तो... खालून. बायकांनी तोंडाला पदर लावले. आईसुद्धा माझ्याकडे नव्या डोळ्यांनी बघायला लागली, आणि तिने माझ्या ताटात न मागता दुसरी सांजोरी वाढली. अण्णा पंगतीत समोरच होते. ते वरणभात कालवत राहिले.

लग्न लागलं, ताई गेली, घर रिकामं वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला अंगणात हाक मारली. ते जीपमध्ये बसले होते आणि पुढच्या दांड्याच्या गोळ्याकडे बघत होते. काळा गोळा, त्यावर पाच बोटांचे पिवळेधमक ठसे. शेजारी सीटच्या पत्र्यावरही.

"काय दुरुस्त केलंस म्हणालीस?"

"आतला... दाता सरकला होता."

"बरं. कुठल्या पान्याने बसवला?"

"तो... मधला."

"मधला." त्यांनी पान्यांची पिशवी माझ्यापुढे उघडली. "दाखव बरं."

मी पिशवीत बघत राहिले. मग पायाकडे. ते खाली उतरले, मला हाताने पुढच्या टायरपाशी नेलं. टायरच्या कडा कुणी कानशीने घासाव्या तशा झाल्या होत्या. मला चालवायला बसवलं आणि मखमलाबादच्या डांबरी रस्त्यावर नेऊन म्हणाले, टाक फोर-व्हील. टाकली. आता फिर गोल. फिरले. गाडी तशीच कुंथली. आता काढ. निघेना. मग त्यांनी मला सरळ मागे घ्यायला लावलं, आणि 'टण्ण'. पुन्हा अडकवायला लावलं. या वेळी जॅक लावून एक चाक नुसतं वर उचललं. चाक हवेत गर्रकन उलटं फिरलं आणि दांडा सुटला. तिसऱ्यांदा अडकवला तेव्हा एक बाजू रस्त्याकडेच्या मातीवर उतरवून घ्यायला सांगितलं, तसाही सुटला. ऊन चढलं, माझे दंड भरून आले, अण्णा दुखऱ्या मनगटाला दुसऱ्या हाताने धरून रस्त्याच्या कडेला बसले होते. 'तर'च्या पुढचं वाक्य मला त्या दिवशी पूर्ण मिळालं, तेही हातांतून.

परत येऊन गाडी अंगणात लावली, डबा खाली सरकवला. किल्ली काढून मी त्यांच्यापुढे धरली. घरातून आईचं भांडी घासणं ऐकू येत होतं. ती मुद्दाम हळू घासत होती, म्हणजे बाहेरचं ऐकू यावं. अण्णांनी किल्ली घेतली नाही. ते पायरीवर बसले, चपला काढल्या आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सोमवारी हरसूलला पंप पोचवायचाय, सकाळी लवकर नीघ. आणि घरात काही खरं सांगत बसू नकोस आता, तुझ्या आईने तिचं शिवणयंत्र उघडून ठेवलंय, तू दुरुस्त करणार म्हणून."